‘आमच्याकडे सोय नाही’ : मुख्याध्यापकांना एक खुले पत्र

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

जून लागला. वर्गांची झाडलोट, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, दाखलपात्र मुलांच्या याद्या, प्रवेशोत्सवाला कोणाला बोलवायचं याची चर्चा, हे सगळं तुमच्याकडे सुरू असेल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. जून आला की अजूनही हात जनरल रजिस्टर शोधतो. तुमचा वेळ घेते आहे तो एका कबुलीसाठी आणि डॉ. मिठू अलूर या बाईंची ओळख करून देण्यासाठी. कबुली आधी देते, नाहीतर पुढचं सगळं उपदेश वाटेल.

२००४ चा जून. एक आई सात वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन शाळेत आली. सात वर्षांचं पोर कडेवर, म्हणजे त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मान एका बाजूला कललेली, हात आखडलेले, हनुवटीवरून लाळ. ती म्हणाली, “बाई, ह्येचं नाव घाला. समदं कळतं ह्येला.” मी त्याच्याकडे पाहिलं. खरं तर नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “अगं, आपल्याकडे याची सोय नाही. विशेष शाळेत ने, तिथं याचं भलं होईल.” अगदी मायेनं म्हणाले. तिला चहा पाजला. ती गेल्यावर सहशिक्षकांना म्हणालेही, काय एकेकाचं नशीब असतं बघा.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं शिक्षक पट वाढवण्यासाठी वीटभट्टीवर फिरत होतो. पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्या संच मान्यतेत एक पद जायची भीती होती. एकेका पोरासाठी उन्हातान्हात पायपीट करणाऱ्या आम्ही, दारात आलेलं पोर चहा पाजून परत पाठवलं, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढचं मला फार उशिरा कळलं. ती आई तालुक्याच्या गावी मतिमंद मुलांच्या शाळेत गेली. तिथं सांगितलं, हा चालत नाही, शी-शू सांगत नाही, आमच्याकडे मदतनीस नाही. मग एका निवासी अस्थिव्यंग शाळेत गेली. तिथं सांगितलं, आमच्याकडे मुलाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, आणि हा बोलत नाही म्हणजे डोक्यानंही कमी असणार. तीन शाळा, तीन उत्तरं, तिन्हींचा अर्थ एक. मुलगा घरी राहिला.

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेचं काम आलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते केलं असेल. माझ्या गटात ते घर आलं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे विकलांगतेच्या प्रश्नाला पोचेपर्यंत मला आठवलंही नव्हतं. पडवीत गोधडीवर तो पडला होता. चौदा वर्षांचा. शेजारी त्याची धाकटी बहीण, जी माझ्याच शाळेत सहावीत होती. मी बापाचं वय विचारलं. तो म्हणाला, “लिहा चाळीसेक.” गोधडीवरून मोठा आवाज आला. मला वाटलं काही दुखतंय. बहीण म्हणाली, “बाई, थांबा. त्यो न्हाई म्हनतोय.” आणि ती मोजायला लागली. “दहा? वीस? तीस? चाळीस?” चाळीसला त्यानं डोळे वर नेले. “एक? दोन? तीन?” तीनला पुन्हा वर. त्रेचाळीस. आदल्या रात्री कागदपत्रं काढून ठेवताना तिनं बापाचं मतदार ओळखपत्र मोठ्यानं वाचलं होतं: १.१.१९९५ रोजी वय २७. त्यात सोळा मिळवले की २०११ मध्ये त्रेचाळीस होतात. हे दोन पायऱ्यांचं शाब्दिक उदाहरण आहे. माझ्या चौथीच्या निम्म्या वर्गाला ते यायचं नाही. या मुलानं ते कागद न धरता, पेन्सिल न धरता, शाळेची पायरी न चढता केलं होतं.

“कोणी शिकवलं गं याला?” मी विचारलं. ती म्हणाली, “मी अभ्यास मोठ्यानं करते ना, म्हनून.”

दशक आधी विचारायचं, मग एकक, आणि डोळे वर म्हणजे होय. ही पद्धत त्या सहावीतल्या मुलीनं स्वतः शोधून काढली होती. बोलता न येणाऱ्या माणसाला पर्याय एकामागून एक विचारत जायचे आणि त्याच्या खुणेवर थांबायचं, ही जगभर वापरली जाणारी मान्य रीत आहे, हे मला नंतर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेनं सांगितलं. त्याच बाईंकडून मला पहिल्यांदा डॉ. मिठू अलूर हे नाव कळलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत, डी.एड.च्या अभ्यासात, शेकडो प्रशिक्षणांत एकदाही कानावर न आलेलं नाव. माँटेसरी पाठ होत्या आम्हाला. ताराबाई मोडक, अनुताई वाघ तर आपल्याच. पण मुंबईत बसून ज्या बाईंनी मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या शिक्षणाचा पाया घातला, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये कोलकात्यात जन्मली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. निदान झालं सेरेब्रल पाल्सीचं, ज्याला आपल्याकडे मेंदूचा पक्षाघात म्हणतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की मेंदूची इजा भरून येत नाही, काही करण्यासारखं नाही. पहिला भाग खरा आहे. दुसरा चुकीचा, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची खोड फक्त डॉक्टरांना नाही.

इथं थोडं शास्त्र सांगते. आपण शिक्षक आहोत, तेवढं आपल्याला झेपतं. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. कारणं अनेक: अपुऱ्या दिवसांचं बाळ, प्राणवायूची कमतरता, हाताबाहेर गेलेली कावीळ, मेंदूज्वर. ती इजा वाढत जात नाही, पण हालचालींचा ताबा बिघडलेला राहतो. काहींचे स्नायू ताठ होतात, त्यावरून स्पास्टिक हा शब्द आला. काहींचे हातपाय त्यांच्या इच्छेविरुद्ध वळवळत राहतात. काहींचा तोल जातो. ओठ, जीभ, घसा हेही स्नायूच असल्यामुळे बोलणं अडखळतं किंवा येतच नाही, आणि लाळ गिळता येत नाही म्हणून गळते. लाळेचा बुद्धीशी संबंध नाही. काही मुलांना बौद्धिक अडचण असते, काहींना फिट येतात, काहींना कमी दिसतं किंवा ऐकू येतं. पण शरीराकडे बघून बुद्धीचा अंदाज बांधता येत नाही, आणि मी २००४ मध्ये नेमकं तेच केलं. दर हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना हे होतं. आपल्या केंद्रातल्या शाळांचा एकूण पट डोळ्यांसमोर आणा आणि मनातल्या मनात भागाकार करा. ती मुलं आहेत. आपल्या हजेरीवर नसली तरी गावात आहेत.

हे कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथं १९५२ मध्येच पालकांनी पुढाकार घेऊन स्पास्टिक्स सोसायटी काढलेली होती, लंडनमध्ये अशा मुलांसाठी केंद्रं होती, आणि मालिनीला तिथं शिक्षण आणि उपचार दोन्ही मिळाले. आईनं नुसतं मुलीला पोचवणं-आणणं केलं नाही. मूळच्या साहित्याच्या विद्यार्थिनी, पण लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन त्या स्वतः शिक्षिका झाल्या. परत आल्या तर मुंबईत काय होतं? हाजी अलीला अपंग मुलांवर उपचार होत होते. शिवडीला जय वकील यांच्या नावाची शाळा १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चालत होती. म्हणजे शरीर दुरुस्त करायला एक जागा, बुद्धी कमी असणाऱ्यांसाठी दुसरी. शरीर अडलेलं आणि डोकं चालणारं मूल या दोन्हींच्या मधे पडत होतं. साताऱ्यातली ती आई २००४ मध्ये त्याच मधल्या फटीत पडली, हे लक्षात घ्या. बत्तीस वर्षांनी.

१९७२ मध्ये त्यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि कुलाब्यात विशेष शिक्षणाचं केंद्र सुरू केलं. पट तीन. हो, तीनच मुलं. आपल्याकडे तीन पटाची शाळा म्हटलं की बंद करण्याचा प्रस्ताव जातो. अभिनेत्री नर्गिस संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या, त्यामुळे दारं उघडायला मदत झाली असेल. पण त्या शाळेतली खरी नवी गोष्ट वेगळी होती. शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका एकाच छपराखाली एकाच मुलाचा विचार करत होते. आधी बरं हो, मग शाळेत ये, असं नव्हे. शिकता शिकता उपचार, आणि गणित, भाषा, विज्ञान हे इतर मुलांचंच. पुढे त्यांनी शिक्षक घडवण्याचे अभ्यासक्रम काढले. कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नईत अशाच संस्था उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची मुलगी मालिनी, म्हणजे मालिनी चिब, सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. टंकलेखन एका करंगळीनं. त्यांच्या २०११ मधल्या आत्मचरित्राचं नावच ‘वन लिटल फिंगर’ आहे. २०११, म्हणजे मी जनगणनेचा अर्ज भरत त्या पडवीत बसले होते तेच वर्ष. हा योगायोग मला अजून टोचतो.

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबले, तर तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, अशा मुलांना विशेष शाळाच हवी. मीही पहिल्यांदा तेच म्हणाले होते. पण मिठू अलूर तिथं थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण वाटतं ते इथून पुढं.

नव्वदच्या दशकात त्यांनी लंडन विद्यापीठातून डॉक्टरेट केली. विषय होता भारताच्या धोरणातून गळून पडलेली मुलं. त्यांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना तपासली, म्हणजे आपली अंगणवाडी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली. कागदावर ती सगळ्या मुलांसाठी. प्रत्यक्षात अपंग मूल तिथं नव्हतंच. कोणी हाकललं नव्हतं, त्याला मोजलंच नव्हतं. हे वाचल्यावर मी माझी २००४ ची दाखलपात्र यादी आठवली. आपली यादी कुठून येते? अंगणवाडीच्या रजिस्टरवरून. त्या मुलाचं नाव अंगणवाडीत नव्हतं, म्हणून माझ्या यादीत नव्हतं, म्हणून तो शाळाबाह्य मुलांतही धरला गेला नाही. त्या वर्षी मी शंभर टक्के पटनोंदणीचा दाखला सही करून दिला आणि तो दाखला खोटा नव्हता. यादीप्रमाणे तो खराच होता.

त्या शोधानंतर या बाईंनी काय केलं? स्वतःच्या हातानं पंचवीस वर्षं उभ्या केलेल्या वेगळ्या शाळेविषयीच प्रश्न विचारला. आपण उत्तम शाळा काढली, पण तिच्यामुळे बाकीच्या शाळांना ‘तिकडे न्या’ म्हणायची सोय तर झाली नाही ना? १९९९ मध्ये वांद्र्याला समावेशनाचं राष्ट्रीय संसाधन केंद्र सुरू झालं. संस्थेनं आपल्या विशेष शाळांतली मुलं सर्वसाधारण शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि विशेष शाळेची भूमिका पाठीमागून आधार देण्याची ठेवली. धारावीतल्या अंगणवाड्यांत अपंग मुलांना बाकीच्या मुलांबरोबर बसवण्याचे प्रयोग झाले. संस्थेनं नावही बदललं. ‘स्पास्टिक’ शब्द गेला आणि ‘अडॅप्ट’ आलं. एबल डिसेबल्ड ऑल पीपल टुगेदर. (इंग्लंडच्या संस्थेनंही १९९४ मध्ये तो शब्द टाकला, कारण मुलं एकमेकांना चिडवायला तो वापरू लागली होती. आपण अपंग, विकलांग, दिव्यांग अशी तीन नावं बदलली. माझ्या गावात शिवी मात्र एकच आहे आणि ती तुम्हाला ठाऊक आहे.)

आपण शाळा चालवलेली माणसं आहोत. नाव झालेली, पट असलेली, पाहुणे बघायला येणारी शाळा स्वतः रिकामी करायला घेणं म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. मी तर जुन्या वर्गखोलीचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकणंसुद्धा, दोन वर्षं लांबवलं होतं.

आता कायद्याचं. कंटाळू नका, थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ३१ सांगतं की चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच्या पसंतीनं. मुख्याध्यापकांच्या नव्हे. कलम १६ सांगतं की शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोयी करायच्या. म्हणजे ‘सोय नाही’ हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. ते आपल्या कामाच्या यादीतलं पहिलं काम आहे.

आणि माझी दुसरी कबुली. २०११ मध्ये मी त्या मुलाला शाळेत घालायला निघाले. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन वर्ष होत आलं होतं, वयानुरूप प्रवेशाचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं. माझ्याकडे सातवीपर्यंतच वर्ग, म्हणून त्याला शेजारच्या गावच्या माध्यमिक शाळेत नेलं. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, चौदा पूर्ण झाली. कायदा संपला.” मी मान डोलावून परत आले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम २६ मध्ये अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण लिहिलेलं होतं. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. २००४ मध्येसुद्धा तो कायदा होताच. दोनदा नाही म्हणालो आम्ही त्याला, दोन्हीदा अडाणीपणानं.

शासनाच्या बाजूचं रडगाणं मलाही गाता येतं. विशेष शाळा एका खात्याकडे, आपण दुसऱ्या खात्याकडे. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, चांगलं झालं, पण पहिलीतलं मूल कोणाचं हा प्रश्न दोन खात्यांच्या मधेच आहे. विशेष शिक्षक कंत्राटी, एकाला तालुकाभर फिरायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, मार्च २०२५ मध्ये पुन्हा राज्यांना पदं जाहीर करायला लावलं. त्यासाठी संघटनांनी भांडावं. मी भांडणाऱ्यांच्या बाजूनं आहे. पण ते पद भरेपर्यंत मूल सात वर्षांचं थांबत नाही.

आणखी एक नवं दार आपण शोधून काढलं आहे, ते म्हणजे गृहाधारित शिक्षण. अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या पालकांना घरी शिकवण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं मिळाला. काही मुलांना तो खरंच लागतो. पण आपण काय करतो? नाव पटावर, यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, आकडा, मूल घरी, विशेष शिक्षक जमेल तेव्हा जाऊन सही घेणार. पालकाला विचारतो का, की तुम्हाला घरी हवंय की शाळेत? रागावू नका, मी स्वतः एकदा अशी नोंद केली आहे.

२०१२ च्या जूनमध्ये मात्र एक मुलगी आली आणि मी नाव घातलं. आता सगळं गोड झालं असं समजू नका. पहिलीच्या बाई माझ्याशी महिनाभर धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. चाळीस पोरं, त्यात ही. दोन पालक तक्रार घेऊन आले की आमच्या पोराला लागण होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी सेरेब्रल पाल्सी संसर्गजन्य नाही हे तीन वेळा सांगितलं. मुलगी पहिले पंधरा दिवस नुसती रडली.

बसवायचं कसं, हा पहिला प्रश्न. बाकावरून घसरायची. विशेष शिक्षिका म्हणाल्या, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलं टेकलेली, पाठीला आधार, मग मान आपोआप सावरते आणि मान सावरली की हात आणि डोळे मोकळे होतात. गावच्या सुतारानं जुन्या लाकडी खुर्चीला दोन बाजूंना फळ्या, पुढं अर्धगोल कापलेली मेजाची फळी आणि पायाखाली पाट ठोकून दिला. पट्ट्यासाठी जुनी दप्तराची बंदं. साडेतीनशे रुपये घेतले, पावती दिली नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. भरले मी. संडाससाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, खाली बादली. तिच्या आजीनं पहिलं वर्ष मधल्या सुट्टीत येऊन ते बघितलं, नंतर स्वयंपाकी मावशी बघू लागल्या. खिचडी मऊ करून, ताठ बसवून, छोट्या चमच्यानं. आडवं धरून भरवलं की ठसका लागतो.

शिकवण्यात सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती थांबणं. आपण प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढच्या पोराला उठवतो. हिला उत्तर येत असायचं, पण मेंदूकडून ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा, आणि घाई केली की अंग आणखी ताठ व्हायचं. पहिलीच्या बाईंनी मनातल्या मनात वीस आकडे मोजायची सवय लावून घेतली. त्याच बाई, ज्या माझ्याशी बोलत नव्हत्या. दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, “बाई, या पोरीमुळं माझ्या बाकीच्या चार मुक्यापण बोलायला लागल्या. मीच थांबत नव्हते.”

लिहिणं जमलं नाही. अक्षरांचा तक्ता केला, ती मूठ ठेवून दाखवायची. परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात हे तेव्हा कळलं. चौथीपर्यंत ती आमच्याकडे शिकली. पाचवीच्या वेळी कुटुंब कामासाठी पुण्याला गेलं. तिथल्या शाळेनं घेतलं की नाही, ते मला कळलेलं नाही. दाखल्यावर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: खुर्ची सोबत दिली आहे.

या जूनमध्ये तुमच्याकडे मागणं दोनच गोष्टींचं आहे. यादी अंगणवाडीच्या रजिस्टरवरून घेऊ नका. ताईंना सोबत घेऊन गावात एक फेरी मारा आणि प्रत्येक घरी विचारा, घरात अजून कोणी आहे का, झोपून असणारं, बोलत नसणारं. लोक लपवत नाहीत, आपण विचारत नाही. आणि एखादी आई कडेवर मूल घेऊन आली तर आधी त्या मुलाशी बोला. आईशी नंतर. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत खाली बसा, नाव विचारा, हो म्हणायला तू काय करतोस ते विचारा आणि वीस मोजा.

तो मुलगा आता अठ्ठावीसच्या आसपास आहे. बहिणीचं लग्न झालं, ती सातारला असते. तिच्या जुन्या मोबाइलवर तो हनुवटीनं बटण दाबून काहीबाही लिहितो. गेल्या दिवाळीत मला त्याचा संदेश आला. त्यात पाच शब्द होते, दोन चुकीचे. शुद्धलेखन कुठं शिकणार? शाळेतच गेला नाही.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका
सातारा जिल्हा

प्रत माहितीसाठी आणि उचित कार्यवाहीसाठी : शालेय शिक्षण विभाग व दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

ता.क. वर्गात कोणाला फिट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूची बाकडी सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. कांदा पोषण आहाराच्या आमटीत घाला.